पीठ मळणारीचा शब्द

कॉलेजात मला ‘शब्दवाल्या मॅडम’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे; पण धुळ्याच्या देवपुरात पाठीमागचं बोलणं संध्याकाळपर्यंत कानावर येतंच. तास संपायला पाच मिनिटं उरली की मी पुस्तक मिटते आणि फळ्यावर एक लहानसा इंग्रजी शब्द लिहिते. तो कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, पुढे काय झाला, ते सांगते. परीक्षेत त्यातलं काही येत नाही. तरी मुलं बसून राहतात, आणि जी उठतात त्यांना मी अशी झाडते की पुढच्या वेळी तीही बसतात. तोंड माझं पहिल्यापासून फटकळ. पण आयुष्यात एकदा, जिथे दोन खरे शब्द बोलायचे होते, तिथे या तोंडानं खोटं सांगितलं. ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

यंदा परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर ‘लेडी’ लिहिलं. दरवर्षी लिहिते. पोरं हसतात, कारण हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो इंग्रजी राहिलेलाच नाही. ‘मॅडम, एक लेडीज येऊन गेली,’ असं आमचा शिपाई सांगतो. बाई एकच असली तरी लेडीजच! लेडी डॉक्टर, लेडी कंडक्टर, लेडीज टेलर. इस्त्रीची साडी, हातात पर्स, बोलण्यात चार इंग्रजी शब्द, की झाली ती लेडी. डोक्यावर चाऱ्याचा भारा असला की मग ती नुसती बाई. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण चुकतही कुणी नाही.

मग मी मूळ सांगते. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा एक जोडशब्द होता. पहिला भाग पावाचा, म्हणजे त्यांच्या भाकरीचा. दुसरा भाग मळणारीचा. लेडी म्हणजे घरासाठी पीठ मळणारी. ‘लॉर्ड’ही त्याच घरातला, भाकरी राखणारा. एकानं राखायची, एकीनं मळायची, म्हणून दोघं घरचे मालक. पुढे शब्द सरदारांच्या घरी गेला, राणीच्या आसपास वावरला, आणि पिठाचे हात असलेली जी होती ती स्वयंपाकघरातच राहिली. त्या ‘मळणारी’चं नातं शब्द शोधणारे लोक आपल्या संस्कृतशीही जोडतात. आपला ‘देह’ त्याच धातूचा म्हणतात. लिंपलेला, मळून घडवलेला, तो देह. इथे वर्ग नेहमी शांत होतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

यंदाही वर्ग शांत झाला आणि मी उदाहरण द्यायला गेले. म्हटलं, ‘आता आपल्याकडची एखादी मांडे करणारी बाई घ्या.’

एखादी बाई! घंटा झाली, मुलं गेली, आणि मी डस्टर हातात धरून तशीच उभी राहिले. सात वर्षांत माझी जीभ काही सुधारली नव्हती. ती ‘एखादी बाई’ म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई सारखी आजारी असायची, त्यामुळे अक्काची शाळा सातवीत सुटली आणि चूल तिच्याकडे आली. मांडे ती आमच्या काकूकडून शिकली. मांडा म्हणजे आमच्या खानदेशातली मोठी पुरणपोळी. तव्यावरची नव्हे, पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावरची. गव्हाचं सपीट भिजवून इतकं मळायचं, इतकं मळायचं, की ते ओढलं तरी तुटू नये. मग पुरण भरून लाटायचं, आणि पुढचं सगळं दोन्ही हातांवर. या हातावरून त्या हातावर झेलत, कोपरापर्यंत पसरत, धोतराच्या पानासारखं पातळ करून ते गरम खापरावर टाकायचं. हात जरा घाईत आला की मांडा फाटतो. अक्काचा फाटत नसे. दोन्ही हातांवर खापराच्या काठाचे जुने चटके होते आणि कोपरापर्यंत लव अशी राहिलेलीच नव्हती. वीस कोसांतल्या लग्नांत अक्काला बोलावणं असायचं. ती चुलीपाशी, मी पुस्तकापाशी. तीच म्हणायची, ‘तू उठू नको, तू वाच.’

लेडीचा हा अर्थ मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एका जाड शब्दकोशात सापडला. सुट्टीत घरी गेले ती धावत, बॅग कुठे टाकली आठवत नाही. अक्का परातीत पीठ मळत होती. मी सांगितलं. तिनं हात न थांबवता सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हंजे ते इंग्रज लोक बठ्ठे मांडा खातंस?’ सगळे इंग्रज मांडे खातात! मी हसून हसून खाली बसले. मग ती म्हणाली, ‘पुस्तकमा लिखेल शे ना? मंग खरं व्हई.’ आणि त्या दिवशी तिनं जरा जास्तच मळलं. आईच्या आजारपणामुळे तिचं लग्न उशिरा, पारोळ्याच्या अलीकडे एका खेड्यात झालं. मी शिकत गेले, धुळ्याला नोकरी लागली, लग्न झालं. अहिराणी बोलणं हळूहळू सुटलं. ती मला तिच्या बोलीत विचारायची आणि मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायची. ते तिला खटकत असेल असं तेव्हा मला कधी वाटलंही नाही.

आता सात वर्षांपूर्वीच्या लग्नाचं सांगते. माझ्या लेकीचं. एकुलती एक. सासर जळगावचं, घरात दोन डॉक्टर, विहीणबाई स्वतः एम.ए. झालेल्या, बोलायला मऊ. बैठकीच्या दिवसापासून मी टाचा उंच करून उभी होते, असं माझे यजमान म्हणतात. त्यांचं खरं आहे. ‘आमच्याकडे सगळे शिकलेले’ हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

लग्न देवपुरातल्या एका लॉनवर. लग्न लागल्यावर विहिणीची पंगत, आणि पंगतीला मांडे नि आमरस. मी केटररला सांगितलं होतं, त्याची माणसं येणार होती. अक्का चार दिवस आधी आली आणि ते ऐकून भडकलीच. ‘भाचीनं लगीन, आनि खापरवर दुसरी बाई बसी? मी काय मरी गयी का?’ मी म्हटलं, ‘अक्का, तू मावशी आहेस. तू पुढे बसायचं. साडी नेसून, मानानं.’ ती म्हणाली, ‘पंगत वाढी का मंग बससू पुढे.’ मांडे करून झाले की पुढे बसेन, असं. मला तिचं कौतुकही वाटलं आणि, आता लिहितेच, थोडी धास्तीही वाटली.

दुपारी लॉनच्या मागे कनातीआड चूल पेटलेली. वैशाखाचं ऊन. अक्कानं जुनं लुगडं खोचलेलं, कपाळाला पीठ, केस धुरानं विस्कटलेले. शेजारी केटररच्या दोन बायका पुरण वाटत होत्या. अक्काच्या हातावर मांडा पसरत होता, तेवढ्यात विहीणबाई आणि त्यांच्या जाऊबाई तिथे आल्या. मी मागोमाग पळत गेले. विहीणबाई दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, ‘काय सुंदर हात आहे हो! ह्या लेडी कोण?’

लेडी म्हणाल्या त्या. मी चाळीस पोरांना शिकवलेला शब्द. आणि मी काय म्हणाले?

‘खेड्यातल्या एक बाई आहेत. मांड्यांसाठी आणल्यात.’

अक्का चार हातांवर होती. तिला ऐकू गेलं. तिनं वर पाहिलं नाही. हातावरचा मांडा तसाच पसरत गेला, खापरावर बसला, कुठे फाटला नाही. फाटला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलंय.

विहीणबाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘असं का,’ आणि निघाल्या. तेव्हाही वेळ होती! मागे वळून एक हाक मारायची होती, ‘अहो, थांबा, ही माझी बहीण.’ नाही मारली. उलट मी त्यांना रसाचं पातेलं दाखवायला घेऊन गेले. कर्म माझं!

पुढचं सांगायलाही लाज वाटते. पंगत उठल्यावर मानपान झाला. ‘मुलीची मावशी’ म्हणून नवऱ्याकडच्यांनी साडी काढली. मावशी कुठे, मावशी कुठे, झालं. मी म्हटलं, ‘तिची तब्येत बरी नाही, आत पडलीय, द्या माझ्याकडे.’ आणि निघताना विहीणबाई मागे गेल्या, राबणाऱ्या बायकांना खण-नारळ द्यायला. केटररच्या दोघींना दिला, मग अक्काला दिला. मी तिथेच उभी होते. अक्कानं ओचा पसरून, त्या दोघींसारखाच, तो खण घेतला आणि कपाळाला लावला. माझ्या खोट्याला खरं करायला तिनं तो घेतला. ती संध्याकाळच्या बसनं गेली. लेकीची पाठवणीसुद्धा तिनं पाहिली नाही.

नंतर मी यजमानांच्या हाती साडी पोचवली. तिनं ठेवून घेतली. फोन आला, ‘साडी भेटनी. रंग चांगला शे.’ झालं. शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरायला मोकळी झाले असते. पण एक शब्द नाही. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नेहमीसारख्या तिच्याकडून कुरडया आल्या. त्यांच्यातली एकही माझ्या घशाखाली उतरली नाही, कामवालीला देऊन टाकल्या.

आणि मग मी जे केलं ते सगळ्यात वाईट. मी तिच्याकडे जायचं बंद केलं. लेक जळगावला, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी माझी धुळे–जळगाव फेरी. बस अक्काच्या फाट्यावर थांबते. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते. कंडक्टर घंटी देईपर्यंत मान वर करत नाही. कुठल्या तोंडानं जाऊ, असं मनाशी म्हणायचे. सण-वाराला फोन, दोन मिनिटं. कशी आहेस, बरी आहे, ऊन फार आहे, ठेवते. दोन वर्षांपूर्वी कुरडया यायच्या थांबल्या. मला वाटलं, अखेर रागावली. खरं सांगते, हायसं वाटलं.

यंदा त्या तासानंतर मात्र मला घरी चैन पडेना. लेकीला दुसरं बाळ झालेलं, जळगावला सासरीच. बारसं ठरलं. मी यजमानांना म्हटलं, ‘तुम्ही परस्पर या. मी आधी अक्काला घेऊन येते आणि सगळ्यांसमोर सांगते.’ ते पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘सात वर्षांनी?’ मी चिडले, ‘मग काय चौदा वर्षांनी सांगू?’

बारशाच्या दिवशी अक्काच्या फाट्यावर उतरले. अक्का ओट्यावरच बसलेली, चांगली साडी नेसून, शेजारी पिशवी भरलेली. मला पाहून ती उठली नाही. मग म्हणाली, ‘वाट चुकनी का व?’ मी म्हटलं, ‘अक्का, बारशाला चल. तुला न्यायला आलेय.’ मोबाइल उचलून कुणाला तरी म्हणाली, ‘गाडी धाडू नका. मी येस.’ कुणाला, ते मी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष मी काय बोलायचं त्यावर होतं. बसमध्ये दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं खिडकीबाहेर बोट दाखवून कुणाची केळी कशी आली ते सांगितलं.

विहीणबाईंच्या दारात पोचलो. मी वाक्य तयार ठेवलं होतं: ही माझी मोठी बहीण, त्या दिवशी मी खोटं बोलले. चप्पल काढते न काढते तोच माझी चार वर्षांची नात आतून सुसाट आली. मी हात पसरले. ती माझ्या बाजूनं निघून गेली आणि अक्काच्या कमरेला बिलगली. ‘मोठी आजी! मोठी आजी उनी!’

‘आली’ नाही, ‘उनी’ म्हणाली ती. माझी जळगावची, इंग्रजी शाळेतली नात.

आतून विहीणबाई आल्या. ‘या अक्का. हात कसा आहे?’ आणि मग मला, ‘तुम्हीही या ना, आत या.’ बायकांची गर्दी, पाळणा सजलेला, पण मला काही दिसेना. अक्काला कुणी बसायला सांगावं लागलं नाही. ती सरळ आतल्या खोलीत गेली, जसं रोजच्या घरात जातात तशी. मी स्वयंपाकघरात विहीणबाईंना गाठलं आणि तयार ठेवलेलं वाक्य कसंबसं बोलले. अर्ध्यावर रडूच आलं.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, ‘मला त्या दिवशीच माहीत होतं. तुमच्या लेकीनं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, माझी मावशी स्वतः मांडे करणार आहे म्हणून. मी त्यांच्या पाया पडायला आले होते मागे. म्हटलं, आधी तुम्ही ओळख करून द्याल. म्हणून विचारलं.’

मी पदरानं डोळे पुसले.

‘तुम्ही तसं म्हणालात. मग मी काय करणार? तुमची मान खाली जाईल असं करवेना. खण दिला, तो माझ्याही मनाला लागला. लग्नानंतर सोळाव्या दिवशी मी जाऊन अक्कांच्या पाया पडले. त्यांनी शपथ घातली, तिला कळू देऊ नका, ती मनाला फार लावून घेते. तुमची लेक तर तुमच्याशी भांडायला निघाली होती. तिलाही अक्कांनीच गप्प केलं.’

म्हणजे सात वर्षं. सात वर्षं मी या घरात येऊन आपलं खोटं सांभाळत होते, आणि सगळं घर माझ्यासाठी ते सांभाळत होतं. मी विचारलं, ‘आणि हात? हाताचं काय?’

‘तुम्हाला तेही...’ मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘उजव्या मनगटातली नस दबली होती. बोटं बधिर. दोन वर्षांपूर्वी इथेच जळगावात ऑपरेशन झालं. महिनाभर इथेच होत्या, म्हणून तर पोरीला लळा लागला. आता पीठ मळता येत नाही त्यांना.’ त्या ओट्यावरचं काहीतरी पुसत राहिल्या. ‘ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागते. मी केली. नात्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, बहीण लिखा.’

मी उठले. आतल्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तान्हं बाळ, डाव्या हातानं धरलेलं. उजवा हात नुसता बाजूला ठेवलेला, बोटं अर्धवट वळलेली. बसमध्ये दोन तास मी तिच्या शेजारी बसले होते आणि तो हात मला दिसला नव्हता. मी खाली बसले, तो हात दोन्ही हातांत घेतला. म्हटलं, ‘अक्का, मी फार वाईट वागले. मला माफ कर.’ किती वर्षांनी कोण जाणे, पण तिच्या बोलीत म्हटलं, ‘माले माफ कर.’

‘हळू बोल, पोर उठी,’ ती म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही. बाळाच्या तोंडावरची माशी फुंकरीनं उडवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

‘माफ तं तवयच करं व मी. पन तू उनीच नई.’